पब्लिक की ठेवायला भरवशाचा सर्व्हर कसा निवडावा

‘की तयार झाली हो, पण ती टाकायची कुठं? इथं तर चार-पाच सर्व्हरांची नावं दिसतात.’ उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपच्या मालकांचा हा फोन. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून ते पुण्याला माल पाठवतात. पुण्याच्या कंपनीनं त्यांना कळवलं होतं, यापुढे ड्रॉइंग एन्क्रिप्ट होऊनच येतील, तुमची ओपनपीजीपी पब्लिक की सर्व्हरवर ठेवा. एवढंच. कुठल्या सर्व्हरवर, ते नव्हतं सांगितलं. (ओपनपीजीपी म्हणजे मेल आणि फाइल एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करायची एक ठरलेली पद्धत.)

मी बेळगावात टिळकवाडीला राहतो आणि उद्यमबाग, मच्छे इथल्या वर्कशॉपांची, निपाणीच्या काही व्यापाऱ्यांची आणि दोन-तीन वकिलांची कॉम्प्युटरची कामं बघतो. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. बऱ्याच जुन्या मार्गदर्शनांत एका ओळीचं उत्तर असतं: कुठल्याही सर्व्हरवर टाका, तिथून सगळीकडे पोचते. एके काळी हे खरं होतं. आज त्यावर विसंबलात तर की एका जागी राहते, गिऱ्हाईक दुसऱ्या जागी शोधतं, आणि तिसऱ्याच कुणी तुमच्या नावानं टाकलेली की त्याच्या हाती लागू शकते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्व्हर नेमकं काय करतो

पब्लिक की म्हणजे उघडं कुलूप समजा. ते कुणीही न्यावं, आपलं पत्र पेटीत घालून त्याला लावावं आणि पाठवून द्यावं. उघडायची किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, फक्त तुमच्याकडे. की-सर्व्हर ही अशी उघडी कुलपं टांगून ठेवायची भिंत. हे कुलूप अमक्या पाटलांचं आहे असं त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. पण चिठ्ठी कुणी लिहिली, हे भिंत आपण होऊन सांगत नाही. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे दहा पाटील असतात. तिथं नुसत्या नावावरून कुलूप उचलणं म्हणजे मोठा धोका. पत्र भलत्याच कुलपात बंद झालं तर ते ज्याचं कुलूप त्यालाच वाचता येतं. त्यात ड्रॉइंग असेल, कोटेशनचा दर असेल, नाही तर बँक खात्याचा नंबर.

जुनं जाळं का मोडलं

ओपनपीजीपी ज्यातून आलं तो पीजीपी नावाचा प्रोग्रॅम फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये बाहेर आणला. पुढे की वाटण्यासाठी जगभर सर्व्हर उभे राहिले. त्यांतलं सगळ्यात मोठं जाळं एसकेएस नावाच्या प्रोग्रॅमवर चालायचं. एका सर्व्हरवर की टाकली की बाकीचे तिची नक्कल आपसांत करून घ्यायचे. जमा होत जायचं, काढायचं काही नाही, अशीच त्याची रचना. कुठलंही सरकार की गायब करू शकू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच होता.

पण त्याच रचनेत दोन छिद्रं होती. की टाकणारा खरंच त्या ई-मेलचा मालक आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. आणि कुणाच्याही कीला तिऱ्हाइतानं आपल्या सह्या, म्हणजे ‘ही की याचीच’ अशा ग्वाही, जोडल्या तरी त्या कायमच्या चिकटून राहायच्या. जून २०१९ मध्ये याचाच गैरफायदा घेतला गेला. ओपनपीजीपीच्या कामातल्या दोन जुन्या जाणकारांच्या कींना मिळून लाखांच्या घरात निरर्थक सह्या जोडल्या गेल्या. अशी फुगलेली की कुणी सर्व्हरवरून उतरवून घेतली की त्याच्या मशीनवरचा ग्नूपीजी हा ओपनपीजीपीचा प्रोग्रॅम गुदमरून अडकायचा. त्या सह्या सर्व्हरवरून काढायची सोयच नव्हती. त्यातच युरोपात मे २०१८ पासून खासगीपणाचा नवा कायदा लागू झाला होता. माझं नाव-पत्ता काढून टाका, अशा मागण्या येऊ लागल्या, आणि न काढता येणाऱ्या जाळ्याकडे त्यांना उत्तर नव्हतं. या सर्व्हरांचा एकत्रित पत्ता, म्हणजे एसकेएसचा पूल, जून २०२१ मध्ये बंद झाला. जुन्या लेखात तो पत्ता दिसला तर तो लेख तिथेच मिटून ठेवा.

माझंही यात नुकसान झालं आहे. पहिली की मी उत्साहानं अशाच जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर टाकली. मुदत घातली नव्हती, रद्द करायचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘ही की आता वापरू नका’ असं जाहीर करणारी फाइल, काढून ठेवलं नव्हतं. हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर प्रायव्हेट की गेली. ती पब्लिक की मात्र भिंतीवर तशीच लटकते आहे. मधून मधून कुणी तरी ती घेऊन मला मेल करतं, आणि तो मेल मला या जन्मी उघडता येणार नाही. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला. त्यातला एक मेल तातडीचा होता, हे मला दोन आठवड्यांनी फोनवर कळलं.

आज समोर काय काय आहे

कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा सर्व्हर जून २०१९ मध्येच सुरू झाला. त्याची पद्धत वेगळी. तुम्ही की टाकलीत की तो कीमधल्या ई-मेलवर एक लिंक पाठवतो. ती तुम्ही दाबेपर्यंत तुमचं नाव आणि पत्ता तो कुणालाही दाखवत नाही, फक्त कीचा तांत्रिक भाग फिंगरप्रिंटनं, म्हणजे कीच्या ओळखीच्या लांबलचक आकडे-अक्षरांच्या क्रमांकानं, शोधता येतो. तिऱ्हाइताच्या सह्या तो वाटत नाही, त्यामुळे फुगवण्याचा तो प्रकार इथे चालत नाही. पुढे कधीही त्याच पत्त्यावर लिंक मागवून नोंद काढून टाकता येते. शोधताना पूर्ण ई-मेल अचूक द्यावा लागतो, ‘पाटील’ टाकून यादी मिळत नाही. स्पॅमवाल्यांना पत्ते गोळा करता येऊ नयेत म्हणून ते तसं ठेवलं आहे, आणि मला ते पटतं.

कीसर्व्हर डॉट उबंटू डॉट कॉम हा कॅनॉनिकल कंपनी चालवते. तो जुन्या वळणाचा आहे. तिथं ई-मेलची खातरजमा होत नाही, कुणीही कुणाच्याही नावानं की टाकू शकतो, आणि लॉगिन करून आपली नोंद काढायची सोय नाही. पण तो नेहमी चालू असतो आणि पुष्कळ प्रोग्रॅम तिथेच बघतात. जुना पूल बंद झाल्यावर २०२१ मध्ये ग्नूपीजीनं आपला ठरलेला सर्व्हर म्हणून हाच लावला. शिवाय उबंटू या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज तयार करून लाँचपॅड या तिच्या साइटवर ठेवायची असतील तर की इथेच लागते. इंजिनिअरिंगच्या ज्या मुलांना ते काम करायचं आहे, त्यांना इथे दुसरा पर्याय नाही.

तिसरा मार्ग म्हणजे सर्व्हर न शोधता आपल्याच डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्यावर, की ठेवणं. त्याला वेब की डिरेक्टरी म्हणतात. त्याकडे शेवटी येतो.

भरवसा कशावरून ठरवायचा

कुठल्याही सर्व्हरचं नाव पुढे आलं की मी पहिल्यांदा एकच बघतो: हा ई-मेलच्या मालकाला विचारून नोंद दाखवतो का? उत्तर नाही असेल, तर तिथं सापडलेल्या कीवरचं नाव ही फक्त कुणी तरी लिहिलेली चिठ्ठी आहे.

त्यानंतर बघतो, नोंद मागे घेता येते का. आपल्या भागात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं. तुमच्या डोमेनमध्ये किंवा पत्त्यात गावाचं नाव असेल आणि पुढे तुम्ही नव्या स्पेलिंगचा पत्ता घेतला असेल, तर जुन्या पत्त्याची की कुठे राहिली आहे का ते आजच शोधा. मागे घेता न येणाऱ्या सर्व्हरवर ती असेल तर तिला रद्द केल्याची नोंद पाठवणं एवढाच उपाय उरतो.

आणि मग, समोरच्याचा प्रोग्रॅम तिथे बघतो का? मजबूत सर्व्हर निवडलात पण गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम भलतीकडेच शोधत असेल तर उपयोग शून्य. हे दोन सर्व्हर एकमेकांत नकला करत नाहीत. एकावर टाकलेली की दुसऱ्यावर आपोआप जात नाही. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम ऑनलाइन शोधताना डोमेनवरची डिरेक्टरी आणि कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग बघतो. अँड्रॉइडवरचं ओपनकीचेन हे ॲपही हाच सर्व्हर धरून चालतं. विंडोजवर क्लिओपात्रा हा की सांभाळायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी सेटिंगमधल्या डिरेक्टरी सर्व्हिसेसमध्ये कुठला पत्ता लिहिला आहे ते स्वतः उघडून बघावं.

सुरक्षित जोडणी, म्हणजे पत्त्याआधी एचकेपीएस किंवा एचटीटीपीएस, ही अटच समजा. नुसतं एचकेपी आणि ११३७१ हा पोर्ट सांगणारी सूचना जुनी आहे, आणि त्या जोडणीत तुम्ही कुणाची की शोधताय हे वाटेवरच्या कुणालाही दिसतं. सुरक्षित जोडणीतही सर्व्हर चालवणाऱ्याला ते दिसतंच. पत्रकार आणि वकील मंडळींनी हे मनात ठेवावं. कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग टोर या माग लपवणाऱ्या जाळ्यावरूनही पोचण्यासारखा आहे. ज्यांना आपण कुणाशी बोलतो हेही झाकायचं आहे त्यांनी तो मार्ग घ्यावा.

माझा सल्ला सरळ आहे. जीमेल किंवा तसला सर्वसाधारण पत्ता असेल तर कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग, आणि तेवढंच पुरे. उबंटूच्या सर्व्हरवर की टाकायची तर ती काढता येणार नाही हे माहीत असताना, आणि समोरच्यानं तसं मागितलं असेल तरच.

की टाकण्याआधी

घाई इथेच नडते. सर्व्हर उघडण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. एक म्हणजे रद्द करायचं प्रमाणपत्र. ग्नूपीजी की तयार करतानाच ते बनवून ठेवतं, क्लिओपात्रामध्ये कीच्या तपशिलातून पुन्हा काढताही येतं. ते पेन ड्राइव्हवर घ्या, शिवाय कागदावर छापून दुकानाच्या परवान्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवा. ते दुसऱ्याच्या हाती पडलं तर तो तुमचा मेल वाचू शकत नाही, पण तुमची की रद्द मात्र करू शकतो. दुसरी गोष्ट मुदत. दोन वर्षं ठेवा, प्रायव्हेट की हाताशी असेपर्यंत ती कधीही वाढवता येते. तिसरी गोष्ट प्रायव्हेट कीची नक्कल, चांगल्या पासवर्डनं बंद केलेली, कॉम्प्युटरपासून वेगळ्या जागी.

कीमध्ये किती पत्ते घालायचे तेही आधीच ठरवा. घरचा पत्ता आणि कामाचा पत्ता एकाच कीमध्ये असतील तर काही सर्व्हरांवर दोन्ही सगळ्यांना दिसतील. धंद्यासाठी वेगळी की ठेवलेली बरी.

टाकताना

थंडरबर्डच्या नव्या आवृत्त्यांत की मॅनेजरमधूनच की प्रकाशित करता येते. क्लिओपात्रामध्येही तशी आज्ञा आहे, पण ती दाबण्याआधी सेटिंगमधला सर्व्हर बघा, नाही तर की भलतीकडे जाईल आणि परत येणार नाही. मला स्वतःला वेबपानावरून अपलोड करणं आवडतं, कारण काय चाललंय ते डोळ्यांसमोर राहतं. त्यासाठी की एक्स्पोर्ट करून फाइल घ्या. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचाच. तिथे ‘पब्लिक की ब्लॉक’ असे इंग्रजी शब्द हवेत. ‘प्रायव्हेट’ शब्द दिसला तर थांबा. ती फाइल कुठेही चढवायची नाही आणि व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायचीही नाही.

अपलोड झाल्यावर पानावर तुमचा पत्ता आणि शेजारी खातरजमेचा मेल पाठवायचं बटण दिसतं. ते दाबा, मेलपेटी बघा, स्पॅमही बघा. पुष्कळ जण अपलोड झालं म्हणून इथेच पान बंद करतात. मग होतं काय, की सर्व्हरवर असते पण नावाशिवाय. ई-मेलनं शोधली तर सापडत नाही आणि मूळ ग्नूपीजी अशी बिननावाची की घेतही नाही. उद्यमबागेतल्या मालकांचं पहिल्या दिवशी हेच झालं होतं. लिंकचा मेल स्पॅममध्ये पडून होता, पुण्याहून निरोप येत होता ‘की मिळत नाही’, आणि हे म्हणत होते ‘मी तर टाकलीय’.

एक ध्यानात ठेवा: या सर्व्हरवर एक पत्ता एका वेळी एकाच कीला जोडलेला राहतो. नवी की टाकून खातरजमा केली की जुन्या कीवरून तो पत्ता उतरतो.

सगळं झाल्यावर दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून आपला ई-मेल शोधा. सापडलेल्या कीचा फिंगरप्रिंट तुमच्याकडच्याशी जुळतो का बघा. मग एखाद्या मित्राला ती की घेऊन एक चाचणी मेल एन्क्रिप्ट करून पाठवायला सांगा. तो उघडला म्हणजे काम झालं.

फिंगरप्रिंट जुळवणं

सर्व्हरनं ई-मेलची खातरजमा केली म्हणजे एवढंच ठरतं, की त्या वेळी कुणाला तरी त्या मेलपेटीत शिरता येत होतं. मेलपेटीच दुसऱ्याच्या हाती गेली असेल तर? म्हणून पैशाचा किंवा कोर्टाचा विषय असेल तिथं फिंगरप्रिंट वेगळ्या वाटेनं जुळवायलाच हवा. सध्याच्या बहुतेक कींचा फिंगरप्रिंट ४० चिन्हांचा असतो, चार-चारचे दहा गट. २०२४ मध्ये आलेल्या नव्या प्रमाणातल्या कींचा ६४ चिन्हांचा. शेवटची आठ चिन्हं जुळली म्हणून सोडून देऊ नका. आठ चिन्हं जुळणारी बनावट की साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत बनते हे २०१४ मध्येच दाखवलं गेलं, आणि २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या नावाची अशी बनावट की सर्व्हरवर सापडली होती.

फोनवर जुळवताना आपल्या भागातली एक अडचण आहे. आकडे सांगताना आपण मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत फिरतो. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत गफलत होते, कन्नडमधलं ‘एळु’ आणि ‘एंटु’ खराब लाइनवर सारखं ऐकू येतं, इंग्रजीतलं ‘ए’ आणि ‘एट’ही तसंच. म्हणून एक भाषा आधी ठरवा आणि एकेक आकडा सुटा म्हणा, जोडी करू नका. अक्षरं फक्त सहाच येतात. त्यांच्यासाठी मी शब्द ठरवले आहेत: ए अथणीचा, बी बेळगावचा, सी चिक्कोडीचा, डी धारवाडचा, ई इंजिनचा, एफ फाउंड्रीचा. एका गटानंतर समोरच्यानं तो गट परत म्हणायचा, मग पुढचा. चार मिनिटं लागतात. फोन मात्र तुम्हाला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर तुम्ही लावायचा. मेलमध्ये आलेल्या नंबरवर लावलात तर या सगळ्याला अर्थ नाही.

समोरासमोर भेट होत असेल तर ओपनकीचेनमधला क्यूआर कोड स्कॅन करा, वाचायची गरजच उरत नाही. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे फिंगरप्रिंट छापून घेणं ही मला सगळ्यात आवडलेली सोय. प्रिंटरला मजकूर टाइप करायला देऊ नका, फाइलमधून चिकटवायला लावा आणि प्रूफ स्वतः तपासा.

स्वतःचं डोमेन असेल तर

वर्कशॉपच्या नावाचं डोमेन असेल आणि मेलही त्यावरच चालत असेल तर वेब की डिरेक्टरी सगळ्यात उत्तम. की तुमच्याच वेबसाइटवर, सुरक्षित जोडणीतून मिळते. तिथं तिऱ्हाईत काही टांगू शकत नाही. थंडरबर्ड आणि ग्नूपीजी दोन्ही पत्ता बघून तिथे आपणहून शोधतात. वेबसाइटच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये की ठेवायची असते, आणि फाइलचं नाव ई-मेलच्या ॲटच्या आधीच्या भागावरून हिशेबानं काढलेलं ३२ चिन्हांचं असतं. ते काढून द्यायची सोय ग्नूपीजीबरोबर येते. फाइल साध्या मजकुराच्या रूपात न ठेवता बायनरी ठेवा, बहुतेकांचं तिथेच अडतं.

होस्टिंगवाला हे करून देत नसेल तर आणखी एक सोपी वाट आहे. कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग ही डिरेक्टरी तुमच्या डोमेनच्या वतीनं चालवून देतो. डोमेनच्या सेटिंगमध्ये ‘ओपनपीजीपीकी’ नावाचा सबडोमेन करून त्याची सीनेम नोंद त्यांनी सांगितलेल्या पत्त्याकडे वळवायची. एवढं केलं की तिथं खातरजमा झालेल्या तुमच्या सगळ्या पत्त्यांच्या की डोमेनवरूनही मिळू लागतात. उद्यमबागेतल्या मालकांना शेवटी हेच करून दिलं. त्यांचे तीन पत्ते आहेत: मालक, परचेस आणि डिस्पॅच. जीमेलच्या पत्त्याला हा मार्ग नाही, कारण ते डोमेन तुमचं नाही.

पुढची देखभाल

मुदत वाढवली की की पुन्हा अपलोड करावी लागते. तुमच्या मशीनवर वाढलेली मुदत सर्व्हरला आपोआप कळत नाही. गिऱ्हाइकांनीही त्यांच्याकडची नक्कल ताजी करून घ्यायला हवी, त्यांना तसा एक मेल टाका. कॉम्प्युटर चोरीला गेला किंवा प्रायव्हेट की हरवली तर कपाटातलं प्रमाणपत्र काढा, ते कीवर चढवा आणि रद्द झालेली की जिथं जिथं टाकली होती त्या प्रत्येक सर्व्हरवर पाठवा. रद्द केल्याची नोंद कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग ई-मेलची खातरजमा न मागताही पुढे वाटतो. मेलपेटीही गेलेली असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. म्हणूनच कुठल्या दिवशी कुठं की टाकली ते वहीत लिहून ठेवा.

तपासणीला मी वर्कशॉपवाल्यांना खंडेनवमीचा दिवस सांगितला आहे. मशीनं पुसून पूजा मांडायची, तेव्हा ऑफिसातला कॉम्प्युटरही पुसला जातोच. त्याच दिवशी मोबाइलवरून आपला ई-मेल सर्व्हरवर शोधायचा, कार्डावरच्या फिंगरप्रिंटशी जुळवायचा, मुदत सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर वाढवून पुन्हा चढवायची, आणि कपाट उघडून तो छापलेला कागद जागेवर आहे ना ते बघायचं.